ठिपका कोणाचा?

१९५१ हे साल मुंबईकरांच्या लक्षात आहे ते मरीन ड्राइव्हवरच्या तारापोरवाला मत्स्यालयामुळे. पिढ्यान्‌पिढ्या शाळांच्या सहली तिथे गेल्या आणि काचेला नाकं लावून समुद्र पाहून आल्या. त्याच वर्षी लंडनमध्ये ई. एम. ब्राउन यांनी खाऱ्या पाण्यातल्या माशांवर पांढरे ठिपके उमटवणाऱ्या एका सूक्ष्म जीवाला शास्त्रीय नाव दिलं : क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स. ब्राउन यांनीच वीस वर्षं आधी, १९३१ मध्ये, माशांच्या कल्ल्यांवर दाटणाऱ्या दुसऱ्या एका परजीवीचं वर्णन केलं होतं. तो आज अ‍ॅमिलूडिनियम ऑसेलॅटम या नावानं ओळखला जातो. खाऱ्या पाण्याची टाकी ठेवणाऱ्यांची झोप उडवणारे हे दोन सर्वांत मोठे शत्रू, आणि दोघांचं बारसं एकाच हातून झालेलं.

अटलांटिकच्या पलीकडेही हीच कथा. माशाच्या अंगावर बसून कातडी खाणाऱ्या निओबेनेडेनिया या चपट्या कृमीचं वर्णन मॅक्कॅलम यांनी १९२७ मध्ये केलं, ते न्यू यॉर्कच्या मत्स्यालयातल्या माशांवरून. क्लाउनफिशचा, म्हणजे पोरांच्या ‘निमो’चा, काळ असलेला ब्रुकलिनेला हॉस्टिलिस हा जीव लोम आणि निग्रेली यांनी १९७० मध्ये नोंदवला. न्यू यॉर्कचं मत्स्यालय ज्या ब्रुकलिनमध्ये आहे, त्या भागाचं नाव त्याला कायमचं चिकटलं.

हे चारही परजीवी माणसाच्या नजरेत भरले ते मत्स्यालयांमुळे, आणि तो योगायोग नव्हे. समुद्रात ते असतातच, पण तिथल्या माशांवर बहुधा तुरळक सापडतात. परजीवीची पिल्लं पाण्यात सुटतात तेव्हा त्यांच्या हाताशी थोडाच वेळ असतो. तेवढ्या वेळात मासा मिळाला नाही तर ती मरतात, आणि अथांग पाण्यात बहुतेक मरतातच. दोनशे लिटरच्या काचपेटीत मात्र मासा कुठेही गेला तरी वीतभर अंतरावरच असतो. निसर्गानं हजारात एक जगेल असा हिशेब मांडून जन्माला घातलेली पिलावळ पेटीत मोठ्या संख्येनं जगते. रोग माशावर दिसतो, पण त्याचं गणित पाण्याचं आणि पेटीचं असतं. उपचार फसतात ते बहुतेकदा हे विसरल्यामुळे.

दहिसरसारख्या उपनगरात खाऱ्या पाण्याची टाकी ठेवणं म्हणजे हौसेला मोल नाही, असाच प्रकार. समुद्र तसा जवळ आहे. पश्चिमेला खाडी आणि कांदळवन, पलीकडे गोराई, उत्तरेला उत्तन. पण तिथलं पाणी गढूळ, सांडपाण्याची भेसळ असलेलं, आणि पावसाळ्यात दहिसर नदीसारखे प्रवाह खाडीत उतरू लागले की त्याची क्षारता पार खाली येते. शिवाय किनाऱ्यालगतच्या पाण्यातून परजीवीची पिल्लं फुकटात घरी येतात. म्हणून जाणकार हौशी मंडळी महापालिकेचं पाणी आरओमधून काढतात, त्यात पुडीतलं सागरी मीठ मिसळतात, आणि रिफ्रॅक्टोमीटरवर क्षारता हजारी ३५ च्या आसपास आली की तेच टाकीत घालतात. एवढं केल्यावर पाण्यात परजीवी नसतात. रोग येतो तो माशाबरोबर.

मासा कुठून येतो, हे बघितलं की अर्धं कोडं सुटतं. मुंबईत खाऱ्या पाण्याचे शोभिवंत मासे शोधणारा क्रॉफर्ड मार्केट किंवा कुर्ल्याच्या बाजारात जातो. तिथले टँग, एंजल, डॅमसेल बहुतेक समुद्रातून पकडलेले असतात : इंडोनेशिया, श्रीलंका, केनिया, कधी आपल्याच दक्षिण किनाऱ्यावरून. पकडणारा, निर्यातदार, आयातदार, घाऊक व्यापारी, दुकानदार अशा हातांतून मासा फिरतो. प्रत्येक ठिकाणी तो नव्या पाण्यात पडतो, आणि तिथे दहा ठिकाणांहून आलेले दुसरे मासे असतात. मोठ्या दुकानांत भिंतभर टाक्या एकाच फिल्टरला जोडलेल्या असतात. वरच्या कोपऱ्यातल्या टँगच्या अंगावर जे आहे, ते तासाभरात खालच्या रांगेतल्या क्लाउनच्या पाण्यात पोचतं. मग प्लास्टिकच्या पिशवीत ऑक्सिजन भरून, गाठ मारून, मासा कुर्ल्याहून दादरला आणि दादरला गाडी बदलून दहिसरला येतो. उपासमार, धक्के, तापमानातले चढउतार यांनी तो आधीच गळालेला असतो.

या साखळीत आणखी एक मेख आहे. बरेच व्यापारी आपल्या पाण्यात सतत थोडं तांबं ठेवतात किंवा क्षारता मुद्दाम कमी ठेवतात. त्यानं परजीवी मरत नाहीत, दबून राहतात. दुकानात चकचकीत दिसणारा मासा घरच्या तांबेविरहित, पूर्ण खाऱ्या पाण्यात आला की आठवड्या-दोन आठवड्यांत त्याच्या अंगावर ठिपके उमटतात. गिऱ्हाइकाला वाटतं आपलंच पाणी बिघडलं. दुकानदारही तेच सांगतो.

आता मूळ प्रश्न. ठिपका दिसला, पण कोणाचा?

सर्वसाधारण हौशी माणूस इथे गूगलवर एक फोटो बघतो, दुकानातून ‘व्हाइट स्पॉट’ लिहिलेली बाटली आणतो आणि टोपणभर ओततो. खरं तर किमान सहा-सात वेगळ्या गोष्टी माशाच्या अंगावर खुणा उमटवतात आणि त्यांचे उपाय एकमेकांशी जुळत नाहीत. पहिली पारख डोळ्यांची. क्रिप्टोकॅरिऑनचे ठिपके अंगावर बारीक रवा शिंपडल्यासारखे, सुटे आणि मोजता येण्याजोगे दिसतात, तर अ‍ॅमिलूडिनियमचा थर चाळलेल्या हळदीसारखा, इतका बारीक की समोरून पाहिलं तर काहीच दिसत नाही. खोलीतला दिवा मालवायचा आणि मोबाइलचा टॉर्च माशावर तिरका धरायचा. पाठीवर, डोळ्यांभोवती सोनेरी-करडी झाक चमकली तर प्रकरण गंभीर आहे. याला ‘वेल्व्हेट’ म्हणतात ते त्या मखमली झाकेमुळे.

पण वेल्व्हेटची खरी खूण अंगावर नसतेच. तो आधी कल्ले धरतो. मुळांसारख्या तंतूंनी पेशींत रुतून बसतो आणि माशाचा श्वास कोंडतो. मासा पंपाच्या प्रवाहात तोंड खुपसून उभा राहतो, कल्ले भराभर हलवतो, उजेड टाळतो, खाणं सोडतो, आणि अंगावर ठिपका दिसायच्या आतच मरतो. जोरदार लागण असेल तर आज धापा टाकणारा मासा उद्या सकाळी तळाला पडलेला असतो. ‘काल तर ठणठणीत होता’ हे वाक्य या छंदात फार ऐकू येतं, आणि त्यामागे पुष्कळदा वेल्व्हेट असतो. म्हणून अनुभवी माणूस ठिपक्यांआधी श्वास बघतो. निरोगी असताना प्रत्येक माशाचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ काढून ठेवला की कल्ले मिनिटाला किती वेळा उघडतात ते मोजता येतं. संशय आला की तुलना करायला तो आकडा हाताशी असतो. फुकटातलं याहून चांगलं उपकरण नाही.

क्लाउनफिशच्या अंगावरून पांढरट, बुळबुळीत सालपटं सुटू लागली, जणू कातडीच विरघळते आहे, तर संशय ब्रुकलिनेलावर घ्यायचा. हा कोश वगैरे करत बसत नाही, माशाच्या अंगावरच दोनाचे चार होत वाढतो. त्यामुळे त्याचा वेग भयंकर असतो. हिरव्या क्रोमिसच्या बाजूवर लाल, खरचटल्यासारखा चट्टा दिसला तर तो युरोनेमा. हा मुळात जिवाणूंवर जगणारा मुक्त जीव; माशाशिवायही त्याचं काही अडत नाही. संधी मिळाली की तो कातडीतून स्नायूंत आणि आतल्या इंद्रियांत शिरतो, आणि तिथवर पोचल्यावर पाण्यात घातलेल्या औषधाचा फारसा उपयोग होत नाही. स्वस्त म्हणून डझनावारी घेतलेले क्रोमिस एकेक करून जातात, त्यामागे बरेचदा हाच असतो. लेखणी आखडती न घेता सांगायचं तर लाल चट्ट्याचा क्रोमिस ज्या टाकीत दिसला, त्या टाकीतला एकही मासा घेऊ नये.

पिवळ्या टँगवर बारीक काळे ठिपके आले तर तो चपट्या कृमींचा प्रकार, ‘ब्लॅक इक’. त्रासदायक, पण बहुतेकदा आटोक्यात येणारा. मासा दगडावर अंग घासतो, डोळे धुरकट होतात, कातडी निस्तेज होते पण ठिपका एकही नाही, तर निओबेनेडेनिया किंवा त्याचे भाऊबंद. हे कृमी काही मिलिमीटर लांब असूनही दिसत नाहीत, कारण ते पारदर्शक असतात. आणि परावर फुलकोबीच्या तुऱ्यासारखी गाठ असेल तर तो परजीवीच नव्हे. तो लिम्फोसिस्टिस नावाचा विषाणू. त्याला औषध नाही आणि सहसा गरजही नाही. चांगलं अन्न आणि शांत टाकी मिळाली की बऱ्याचदा तो आपोआप ओसरतो. अशा माशावर तांब्याचा मारा करून त्याला मारणारे महाभाग कमी नाहीत.

डोळ्यांनी निकाल लागत नसेल तर दोन परीक्षा आहेत. पहिली घरगुती : गोड्या पाण्याची आंघोळ. क्लोरीन काढलेलं पाणी, तापमान टाकीइतकंच, आणि आरओचं पाणी असेल तर चिमूटभर खाण्याचा सोडा घालून पीएच टाकीच्या बरोबरीला आणलेला. काळ्या तळाच्या टबात तीन ते पाच मिनिटं मासा ठेवला की पारदर्शक कृमी पांढरे पडून गळतात आणि तळाला तिळासारखे दिसतात. क्रिप्टोकॅरिऑन मात्र या आंघोळीला दाद देत नाही, कारण तो कातडीच्या वरच्या थराखाली दडलेला असतो. आंघोळीनंतर ठिपके तसेच राहिले, हीसुद्धा एक माहितीच.

दुसरी परीक्षा सूक्ष्मदर्शकाची. काचेच्या पातळ कव्हरस्लिपनं ठिपक्याजवळचा बुळबुळीत थर हलकेच खरवडून घ्यायचा, टाकीच्याच पाण्याचा थेंब टाकायचा आणि शंभरपट मोठं करून पाहायचं. क्रिप्टोकॅरिऑन गोलसर, गडद, संथपणे गरगरणारा. ब्रुकलिनेला बियांसारखा, एका बाजूला किंचित आत दबलेला, भराभर सरपटणारा. युरोनेमा खूपच लहान, अश्रूच्या आकाराचा, सुसाट. अ‍ॅमिलूडिनियम पेअरच्या आकाराचा, काळपट आणि ढिम्म न हलणारा. कृमीच्या मागच्या टोकाला चकती आणि आकडे. शाळेच्या प्रयोगशाळेतल्या साध्या सूक्ष्मदर्शकाखाली हे सगळं दिसतं. एका टँगच्या किमतीचा विचार केला तर हे यंत्र महाग नाही. तरी ते घेणारे थोडेच, आणि बाटल्यांवर त्याहून जास्त खर्च करणारे पुष्कळ.

पांढऱ्या ठिपक्याचं आयुष्य नीट समजून घेतलं की निम्म्या गैरसमजांचा निकाल लागतो. पिल्लू परजीवी माशाला चिकटून कातडीखाली शिरतो आणि तीन ते सात दिवस तिथे पोसला जातो. डोळ्यांना दिसणारा ठिपका तो हाच. पोट भरलं की तो मासा सोडतो, आणि बहुधा रात्रीच्या अंधारात, पहाटेच्या सुमारास सोडतो. सकाळी मासा स्वच्छ दिसतो आणि मालक पेढे वाटतो. वस्तुस्थिती अशी की सुटलेला जीव काही तास तळावर सरपटून वाळूला, दगडाला, काचेला चिकटतो, स्वतःभोवती कठीण कोश करतो आणि आत विभागत राहतो. एका कोशातून दोनशेपर्यंत पिल्लं बाहेर पडू शकतात. कोश फुटायला बहुधा आठवडाभर लागतो, पण सगळे एकदम फुटत नाहीत. इस्रायलमधल्या एलात इथे काम करणाऱ्या अँजेलो कोलोर्नी यांच्या प्रयोगांत शेवटची पिल्लं ७२ दिवसांनी बाहेर पडल्याची नोंद आहे. पाणी थंड असेल तर कोश त्याहूनही जास्त काळ सुप्त राहिल्याचं नंतर चिनी संशोधकांनी दाखवलं.

औषध लागू पडतं ते मोकळ्या पोहणाऱ्या पिल्लाला, आणि ते पिल्लू जेमतेम दिवसभर जगतं. माशाच्या कातडीतल्याला नाही, कोशातल्यालाही नाही. म्हणून चार दिवस औषध घालून ठिपके गेले म्हणून थांबणं म्हणजे नेमकं पहिला अंक संपल्यावर थिएटरातून उठणं. दुसऱ्या फेरीत ठिपके दुप्पट-तिप्पट येतात.

एक गोष्ट माशाच्या बाजूनं आहे. लागणीतून वाचलेल्या माशाला काही काळ प्रतिकारशक्ती येते. बर्जेस आणि मॅथ्यूज यांनी १९९५ मध्ये एका जातीच्या बोयीवर हे दाखवलं. ती शक्ती सुमारे सहा महिने टिकली. ‘माझ्या टाकीत व्हाइट स्पॉट आला आणि आपोआप गेला’ असं सांगणारा माणूस खोटं बोलत नसतो. त्याचे मासे सावरलेले असतात, परजीवी मात्र टाकीतच कल्ल्यांच्या आडोशाला थोडा थोडा जगत असतो. नवा पावडर ब्ल्यू टँग आणून सोडला, की पंधरा दिवसांत त्याचं अंग ठिपक्यांनी भरतं, आणि दोष त्या बिचाऱ्या टँगवर येतो.

उपचारांत सर्वांत जुनं आणि अजूनही सर्वांत भरवशाचं औषध म्हणजे तांबं. नाशिकच्या द्राक्षबागायतदाराला बोर्डो मिश्रणातून ओळखीचं असलेलं मोरचूद म्हणजेच तांब्याचं सल्फेट. मात्र बागेत ज्या हातानं ते टाकतात तो हात इथे चालत नाही. माशासाठी मुक्त तांब्याची मात्रा लिटरला ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम. याच्या खाली गेलं तर परजीवी मरत नाही, थोडं वर गेलं तर मासा मरतो. मोरचुदाच्या वजनात तांबं साधारण एक चतुर्थांश, म्हणजे शंभर लिटर पाण्याला मोरचूद लागतं अवघं ८० मिलिग्रॅम. ते चमच्यानं मोजता येत नाही. म्हणून ४ ग्रॅम शुद्ध मोरचूद, बागेचं नव्हे तर प्रयोगशाळेच्या दर्जाचं, १ लिटर आरओ पाण्यात विरघळवून ठेवतात. त्याच्या प्रत्येक मिलिलिटरमध्ये साधारण १ मिलिग्रॅम तांबं येतं. शंभर लिटरला २० मिलिलिटर, तेही दोन दिवसांत थोडं थोडं करून. खाऱ्या पाण्यात तांबं लवकर खाली बसतं, म्हणून जुन्या कृतींत सायट्रिक अ‍ॅसिड घालतात. आजकाल बांधून ठेवलेल्या तांब्याची तयार औषधं मिळतात. त्यांची मात्रा निराळी, काहींची लिटरला २ मिलिग्रॅमच्याही वर. एकाची मात्रा दुसऱ्याला लावली की अनर्थ. टेस्ट किट नसेल तर तांब्याच्या वाटेला जाऊच नये.

आणि हे सगळं मुख्य टाकीत नाही, कधीच नाही. तांबं कोळंबी, शंख, अ‍ॅनिमोन, प्रवाळ यांना मारतं. वाळू आणि चुनखडीचा दगड ते शोषून घेतात, मग पाण्यात किती उरलं याचा पत्ता लागत नाही. उपचाराची टाकी वेगळी : उघडा तळ, लपायला पीव्हीसीचे तुकडे, एक स्पंज फिल्टर, एक हीटर. दहिसरच्या वन-बीएचकेमध्ये ही दुसरी टाकी ठेवायची कुठे, हा प्रश्न रास्त आहे. पुष्कळांच्या घरी तिचं उत्तर बाल्कनीतला झाकणाचा प्लास्टिकचा टब असं असतं. चालतं. फक्त मे आणि ऑक्टोबरमध्ये बाल्कनीचं पाणी तापतं आणि गरम पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो, हे ध्यानात ठेवून टब घरात घ्यावा. अशा टबात अमोनिया चढतो. तो उतरवायला रोज पाणी बदलावं. अमोनिया ‘बांधणारी’ काही रसायनं तांब्याबरोबर पडली तर तांबंच जहरी होतं.

तांबं नको असेल तर टाकी बदलण्याची पद्धत आहे. तिचा पाया कोलोर्नी यांच्या १९८७ च्या कामात आहे. मासा दर तीन दिवसांनी आधी पूर्ण वाळवलेल्या, ताजं पाणी भरलेल्या वेगळ्या टाकीत हलवायचा, असं चार वेळा. परजीवी मासा सोडून कोश करतो, पण कोश फुटायच्या आत मासा तिथून गेलेला असतो. औषधाचा थेंब नाही, बारा दिवसांत काम फत्ते. दोन बादल्या, दोन पंप आणि चिकाटी एवढं पुरतं. मात्र ही युक्ती फक्त क्रिप्टोकॅरिऑनची. वेल्व्हेट किंवा कृमींवर ती चालेल असं गृहीत धरणं चूक.

क्षारता उतरवणं हा तिसरा मार्ग. हजारी ३५ वरून ती १६ च्या खाली आणून काही आठवडे ठेवली की पांढऱ्या ठिपक्याचे कोश सहसा निकामी होतात, पिल्लं तग धरत नाहीत, आणि कृमींची अंडीही पुष्कळशी वाया जातात. आरओ पाणी हाताशी असल्यानं मुंबईत ही पद्धत सोपी वाटते. दोन गोष्टी मात्र तिच्या विरुद्ध जातात. तैवानमध्ये २००३ साली हजारी ५ आणि १० इतक्या कमी क्षारतेतही वाढणारे क्रिप्टोकॅरिऑन नोंदवले गेले. दुसरं, अ‍ॅमिलूडिनियमला याचं सोयरसुतक नाही. तो हजारी ३ पासून ४५ पर्यंत कुठेही जगतो. निदान चुकून वेल्व्हेटच्या माशावर कोणी क्षारता उतरवत बसला, तर मासा दगावायला आठवडाही लागत नाही.

क्लोरोक्विन फॉस्फेट, म्हणजे आपल्याकडच्या मलेरियाचं जुनं औषध, लिटरला १० मिलिग्रॅम या मात्रेत पांढरा ठिपका आणि वेल्व्हेट या दोन्ही शत्रूंवर चालतं आणि माशांना तांब्याहून सौम्य पडतं. उजेडानं ते लवकर निकामी होतं आणि पाण्यात किती उरलं हे मोजायची घरगुती सोय नाही, हे त्याचे दोष. मार्च २०२० मध्ये अमेरिकेत अ‍ॅरिझोनातल्या एका माणसानं कोविडवरचा उपाय म्हणून मत्स्यालयासाठीचं हेच रसायन घेतलं आणि तो दगावला. ब्रुकलिनेलावर अजूनही फॉर्मलिनची तासाभराची आंघोळ सर्वांत परिणामकारक, पण फॉर्मलिन पाण्यातला ऑक्सिजन खाऊन टाकतं, कर्करोगकारक आहे, आणि बाटलीच्या तळाला पांढरा साका दिसला तर ती बाटली वापरायचीच नाही. हवेचा दगड जोरात, खिडकी उघडी, हातात ग्लोव्ह्ज. कृमींसाठी प्राझिक्वांटेल, कुत्र्यामांजरांच्या जंतांच्या गोळ्यांतलं. ते अंड्यांवर चालत नाही, म्हणून आठवड्यानं दुसरी मात्रा द्यावीच लागते. अंडी चिकट धाग्यांनी जाळीला, पाइपला लटकतात. ती जाळी मुख्य टाकीत फिरवली की सगळं मुसळ केरात.

मासे बाहेर काढल्यावर मुख्य टाकी रिकामी ठेवायची. किती दिवस? जुना सावध आकडा ७६, कोलोर्नींच्या ७२ वर थोडं अधिक. मुंबईत टाकीचं पाणी २७ अंशांच्या आसपास असतं आणि कोश लवकर फुटतात, त्यामुळे सहा आठवडे पुरतात असंही मत आहे. सहा आठवड्यांवर समाधान मानणाऱ्यानं आपण पैज लावतो आहोत हे जाणून लावावी. कोळंबी, शंख, अ‍ॅनिमोन या काळात टाकीत खुशाल राहू शकतात, त्यांना हे परजीवी लागत नाहीत.

आता दंतकथा. लसूण माशाला आवडतो, खाणं सोडलेला मासा त्यामुळे खायला लागू शकतो. परजीवी मरतो याला आधार नाही. तापमान ३० वर नेण्याचा सल्ला गोड्या पाण्यातल्या व्हाइट स्पॉटचा, खाऱ्यातला जीव निराळा आहे. यूव्ही दिवा त्यातून गेलेल्या पाण्यापुरता कामाचा; तळावरचे कोश त्याला दिसत नाहीत.

सर्वांत लाडकी दंतकथा क्लीनर माशाची. क्लीनर रास आणि क्लीनर कोळंबी परजीवी खातात हे खरं. ऑस्ट्रेलियाच्या लिझर्ड बेटावर अलेक्झांड्रा ग्रटर यांनी मोजलं, तेव्हा एक क्लीनर रास दिवसाला सुमारे १,२०० परजीवी खात होता. पण त्यात भरणा होता नॅथिड नावाच्या, माशाच्या अंगावर वरवर बसणाऱ्या कवचधाऱ्यांचा. कातडीखाली दडलेला क्रिप्टोकॅरिऑन त्याच्या तोंडी लागत नाही. शिवाय हा रास बंदिस्त टाकीत उपाशी मरण्याबद्दल कुप्रसिद्ध आहे. वैद्य म्हणून आणलेला पाहुणाच पुढचा रुग्ण होतो.

मोठे परजीवी ओळखणं सोपं. बाजारात मासळीचा ताजेपणा दाखवायला कोळीण कल्ला उघडते तेव्हा कधी कधी आत बोटाच्या पेराएवढा, अनेक पायांचा किडा दिसतो. तो आयसोपॉड. बंगालच्या उपसागरापासून अरबी समुद्रापर्यंत आपल्या किनाऱ्यावर त्याच्या कित्येक जाती आहेत, त्यांतल्या काही जिभेवर बसतात. टाकीच्या माशावर असा एखादा आलाच तर मासा ओल्या कापडात धरून चिमट्यानं काढणं हाच उपाय, आणि तो करायला धीट माणूस हवा.

मदत मागायची कुठे? माशांचा डॉक्टर हा प्रकार मुंबईत दुर्मीळच. मत्स्यरोगांचं शास्त्र मात्र हाकेच्या अंतरावर आहे. दहिसर पूर्वेहून मेट्रोनं अंधेरी पश्चिम, तिथून दुसरी मेट्रो धरून वर्सोवा, आणि तिथे १९६१ मध्ये सुरू झालेली केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था. जलजीवांच्या आरोग्यावर तिथे स्वतंत्र विभाग काम करतो. रत्नागिरीत १९८१ पासून मत्स्य महाविद्यालय आहे. पण त्यांचं लक्ष स्वाभाविकपणे कोळंबी आणि खाण्याच्या माशांकडे, बैठकीच्या खोलीतल्या टँगकडे नाही. त्यामुळे या छंदाचं ज्ञान अजून हातातून हातात जातं, आणि त्यातलं अर्धं गोड्या पाण्याच्या अनुभवावरून खाऱ्यावर लादलेलं असतं.

पाळीव पैदास हा या साऱ्यावरचा लांबचा पण खरा उतारा. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनं मंडपम आणि विळिंजम इथे क्लाउनफिश टाकीतच वाढवायचं तंत्र बसवलं. ठाणे खाडीकाठी ऐरोलीला राज्याच्या कांदळवन प्रतिष्ठानाच्या केंद्रातही लखनौच्या राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्युरोच्या साथीनं सागरी शोभिवंत जीवांच्या पैदाशीचं काम उभं राहिलं. अशी पिल्लं समुद्रातला कोणताही परजीवी अंगावर घेऊन येत नाहीत. निदान तत्त्वतः. जगभरच्या हॅचरींत अ‍ॅमिलूडिनियम हीच मोठी डोकेदुखी आहे, कारण प्रजननासाठी समुद्रातून आणलेले नर-मादी तो बरोबर घेऊन येतात आणि दाटीवाटीच्या टाक्यांत तो एका रात्रीत पसरतो. हॅचरीतून निर्दोष निघालेलं क्लाउनचं पिल्लूही एखाद्या दुकानात दोन दिवस जंगली डॅमसेलच्या पाण्यात राहिलं, की त्याच्या आणि समुद्रातून पकडलेल्या माशाच्या अंगावर तेच असण्याची शक्यता सारखीच. म्हणून ‘टँक-ब्रेड’ अशी चिठ्ठी लावून आलेल्या पिल्लालाही दहिसरच्या बाल्कनीतल्या त्याच टबात महिनाभर काढावा लागतो, रोज टॉर्च मारून आणि कल्ले मोजून.